कंपनीचा वकील : गावच्या मुलाने हा पेशा धरावा का?

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. सालाचे रोख किती, धान्य किती, कपडा-चप्पल काय, उचल किती आणि ती फिटायची कशी, हे सारे चार माणसांदेखत तोंडी ठरते. कागद कोणी करीत नाही. वर्ष सुरळीत गेले तर कागदाची आठवणही होत नाही. पण ऐन पेरणीत गडी निघून गेला, किंवा कापूस घरात येताच मालकाने त्याला नको म्हटले, की वाद पेटतो. मालक म्हणतो उचल पंधरा हजारांची, गडी म्हणतो बाराची. साक्षीदार दोघांच्याही ओळखीचे. ते कोणाच्या बाजूने बोलणार? शेवटी पैसा बुडतो तो बुडतो, आणि एकाच गावात दोन घरांचे बोलणे कायमचे बंद होते.

शेतकरी स्वतःला कधी ‘मालक’ म्हणवून घेत नाही. पण ज्याने दुसऱ्याला मजुरीवर लावले तो कायद्याच्या नजरेत मालकच होय. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही शेतीकामाचा समावेश होता. म्हणजे मालक व मजूर यांच्यातला कायदा हा केवळ गिरणी-कारखान्यांचा विषय नव्हे. तो आपल्या धुऱ्यापर्यंत आलेला आहे.

हा विषय आज घेण्याचे कारण नागपूरजवळचे मिहान. त्या बाजूच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या सभेला गेलो की पीकपाण्याचे बोलणे संपल्यावर आईबाप मुलांच्या नोकरीचे विचारतात. त्यात अलीकडे एक नवाच प्रश्न ऐकू येतो : “साहेब, पोरगा वकील झाला. पण तो म्हणे कंपन्यांची वकिली करणार, कामगारांच्या विरुद्ध. आपण शेतकरी माणसं. हे आपल्याला शोभतं का?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे. त्यासाठी आधी हा वकील करतो काय, हे समजून घेऊ.

मिहानच्या फाटकाशी

‘मिहान’ हे एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून बनलेले नाव आहे. विमानतळ, मालवाहतुकीचे केंद्र आणि त्याला लागून उद्योगांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्याला ‘सेझ’ म्हणतात ते, अशी ही योजना. ती राबवण्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी तीत गेल्या. जिथे पऱ्हाटी आणि तूर उभी राहायची तिथे आज विमान दुरुस्तीचे केंद्र, औषधांचा कारखाना, संगणकाच्या कंपन्या उभ्या आहेत. एम्स रुग्णालयाचे लोकार्पण डिसेंबर २०२२ मध्ये झाले. पतंजलीचा संत्री व इतर फळांवर प्रक्रिया करणारा कारखाना मार्च २०२५ मध्ये सुरू झाला.

अशा ठिकाणी दोन तऱ्हांनी माणसे लागतात. थोडी थेट कंपनीच्या पटावर, आणि बरीच ठेकेदारामार्फत. पहारा, सफाई, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, कॅन्टीन ही कामे बहुधा ठेकेदाराकडे असतात. खेड्यातून गेलेल्या मुलाला पहिले काम मिळते ते अनेकदा असे.

सेझबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. लोक म्हणतात, “तिथं कामगार कायदा चालत नाही, साहेबाची मर्जी चालते.” हे खरे नाही. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यात, कलम ४९ खाली, केंद्र सरकारला सेझसाठी काही कायद्यांतून सूट देता येते. पण कामगार संघटना, औद्योगिक तंटे, कामगार कल्याण, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई, बाळंतपणाचे लाभ या बाबतींतल्या कायद्यांना ही सूट लागू होणार नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. बदल होतो तो कामगार आयुक्तांचे काही अधिकार सेझच्या विकास आयुक्तांकडे सोपवण्यापुरता. दार बदलते, हक्क बदलत नाही.

कंपनीला हे पहिल्या दिवशी समजावून सांगणारा माणूस म्हणजे तिचा कामगार-कायद्याचा वकील.

कोर्टात कमी, कागदावर जास्त

वकील म्हटला की काळा कोट आणि उलटतपासणी आपल्या डोळ्यांसमोर येते. मालकांच्या बाजूने काम करणाऱ्या या वकिलाचे निम्म्याहून अधिक काम मात्र कोर्टाबाहेर चालते. नेमणूकपत्राचा मसुदा करणे, कामाचे तास, रजा, शिस्त यांचे नियम म्हणजे ‘स्थायी आदेश’ तयार करणे, ठेकेदाराशी करार करणे, पगारपत्रक व हजेरीपट कायद्याबरहुकूम आहे की नाही हे तपासणे, युनियनशी पगारवाढीची बोलणी चालू असताना कराराची भाषा पाहणे, ही त्याची रोजची कामे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. ती नेमली आहे का, तिच्यात बाहेरची सदस्य आहे का, हेही तोच पाहतो. आपल्या मुली जिथे रात्रपाळीला जातात तिथे हे काम किती मोलाचे आहे, हे सांगायला नको.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे काम बांधबंदिस्तीचे आहे. पाणी शेतात शिरल्यावर उपसायला धावणारा वेगळा, आणि मृगाच्या आधी बांध घालून ठेवणारा वेगळा. चांगला मालक-वकील दुसऱ्या प्रकारचा.

यामागे कायद्याची एक जुनी तरतूदही आहे. १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्याने वकिलाला कामगार तंट्यात दार अर्धेच उघडले. समेट अधिकाऱ्यापुढे वकील चालत नाही. न्यायाधिकरणापुढे उभे राहायचे तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते. हेतू असा की पैसेवाल्या मालकाने मोठा वकील उभा करून गरीब कामगाराला कोंडीत पकडू नये. १९७६ साली पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की केवळ मुखत्यारपत्र हाती घेऊन वकिलाला या अटीतून सुटता येणार नाही. मात्र तो मालकांच्या संघटनेचा किंवा कामगार संघटनेचा खराखुरा पदाधिकारी असेल, तर वकील आहे एवढ्यावरून त्याला अडवता येणार नाही. म्हणून या क्षेत्रातला वकील बोलण्यापेक्षा लिहिण्यात तयार असावा लागतो.

एक हिशेब

समजा, एका कारखान्यात महिना पंधरा हजारांवर असलेला कामगार दहा दिवस न सांगता गैरहजर राहिला. व्यवस्थापक चिडला. तो वकिलाला फोन करून म्हणतो, “नाव कापा त्याचं.” इथे वकिलाची कसोटी लागते.

अजाण किंवा हांजी-हांजी करणारा वकील नाव कापायचे पत्र लिहून देईल. जाणता वकील म्हणेल, “थांबा.” १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला आहे. स्थायी आदेशांत ‘आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप गेली’ असे लिहिलेले होते, तरीही कामगाराला आपली बाजू मांडू दिल्यावाचून त्याची भाकरी काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याला परत घ्यायला आणि मागचा निम्मा पगार द्यायला लावले.

म्हणून रीत अशी : आधी पत्र पाठवून गैरहजेरीचे कारण विचारायचे. उत्तर समाधानकारक नसेल तर आरोपपत्र. मग चौकशी. चौकशी करणारा अधिकारी तक्रारदार नसावा. कामगाराला कागद दाखवावेत, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत, सोबत सहकारी आणू द्यावा. कंपनीची बाजू मांडणारा कायद्याचा जाणकार असेल तर कामगारालाही वकील नेऊ द्यावा, असे मुंबई बंदराच्या प्रकरणात १९८३ साली ठरले आहे. चौकशी चालू असताना निलंबित केले तर पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि पुढे पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो. आणि एवढे होऊनही शिक्षा अपराधाच्या मानाने जबर असेल, तर न्यायाधिकरण ती कमी करू शकते.

व्यवस्थापकाला हा सारा खटाटोप वाटतो. वकील त्याला हिशेब मांडून दाखवतो. बेकायदा काढले, चार वर्षे खटला चालला आणि पूर्ण मागच्या पगारासह परत घेण्याचा हुकूम झाला, तर पंधरा हजार गुणिले अठ्ठेचाळीस महिने म्हणजे ७ लाख २० हजार रुपये. तेही एक दिवस काम न घेता. बेकायदा काढलेल्याला मागच्या पगारासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितले. चौकशीला लागतात काही आठवडे. चौकशीत कदाचित असेही निघते की कामगाराचा बाप दवाखान्यात होता. मग ताकीद देऊन प्रकरण मिटते. कंपनीचा पैसा वाचला, कामगाराची नोकरी वाचली. अशा प्रकरणात हा वकील दोन्ही घरांना उपयोगी पडतो, जरी फी एकाच घरातून येते.

नागपूरची जुनी वाट

नागपूरला मालक-कामगार संबंधांचा इतिहास नवा नाही. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्या गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ साली अपघातात सापडलेल्यांना भरपाई देण्याची योजना आली. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली, आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली. म्हणजे काही गोष्टी कायदा येण्याच्या कितीतरी आधी एका मालकाने आपणहून केल्या. मालकाचे हित आणि कामगाराचे हित दर वेळी एकमेकांच्या आड येतेच असे नाही, याचा हा घरचा दाखला आहे.

कामगारांच्या बाजूनेही कायदा शिकलेली माणसे याच मातीत झाली. रा. स. रुईकर यांनी नागपूरच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी कायद्याचे पदवीधर. त्यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ काढला. आणि या दोघांपेक्षाही मोठे नाव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत होते. आजच्या अनेक कामगार कायद्यांचा पाया त्या वर्षांत घातला गेला.

संस्थांची वकिली करणाऱ्याची वाट कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरणही जवळचेच आहे. अमरावतीचे भूषण गवई यांनी मुख्यतः नागपूर खंडपीठात वकिली केली. नागपूर व अमरावती महानगरपालिका आणि अमरावती विद्यापीठ यांचे ते स्थायी वकील होते. पुढे ते न्यायाधीश झाले आणि मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. महानगरपालिका म्हणजे हजारो माणसांना पगार देणारी संस्थाच. तिची बाजू मांडली म्हणून कोणी गरिबांचा वैरी ठरत नाही.

पेशाची पायरी

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. कृषी पदवीधरालाही तीन वर्षांचा मार्ग मोकळा आहे. राज्यातल्या विधी महाविद्यालयांसाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते. नागपूरजवळ वारंगा येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथला पदवी प्रवेश क्लॅट या देशपातळीवरील परीक्षेतून होतो.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडून सनद घ्यायची आणि अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हायचे. सनदेसाठी पूर्वी हजारो रुपये भरावे लागत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही : सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. गरीब घरच्या मुलांसाठी हा मोठाच दिलासा होय.

पुढची तीन-चार वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढावी लागतात. कमाई तुटपुंजी, काम भरपूर. संत्र्याचे झाड लावल्याबरोबर बहार धरीत नाही, तसेच हे. आईबापांनी या काळात मुलाला दुसऱ्याच्या पगाराशी तोलू नये. हात बसल्यावर कंपन्या महिन्याचे मानधन ठरवून सल्लागार नेमतात आणि प्रकरणाप्रमाणे वेगळी फी देतात.

एक नियम मात्र ध्यानात ठेवावा. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली तर वकिलाला वकिली करता येत नाही; सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणून कंपनीतला ‘विधी अधिकारी’ आणि कंपनीचा वकील हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्यात दर महिन्याचा निश्चित पगार, दुसऱ्यात स्वातंत्र्य.

आता मूळ प्रश्न

कामगारांच्या समोर उभे राहणे गावच्या मुलाला शोभते का? माझे उत्तर असे, की बाजू कोणती यापेक्षा त्या बाजूने सल्ला काय देतो यावर ते ठरते.

वकिलांच्या आचारसंहितेतच काही कुंपणे घातलेली आहेत. एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात उलट पक्षाकडून उभे राहता येत नाही. अशिलाचे गुपित फोडता येत नाही. खटल्याच्या निकालावर फी बांधून घेता येत नाही. अशिलाला गैरमार्ग धरू न देणे हेही वकिलाचे कर्तव्य सांगितले आहे. म्हणून पोरगा कंपनीचा वकील असेल तर शेजाऱ्याने “आतली बातमी सांग” म्हणून त्याला गळ घालू नये, आणि त्यानेही गावकीच्या भिडेने ती सांगू नये. तसे केले तर सनद जाईल आणि विश्वासही जाईल.

पण कोरे कागद सह्या घेऊन ठेवा, हजेरी दोन वह्यांत लिहा, युनियनमध्ये गेलेल्याला खोट्या आरोपात अडकवा, असले सल्ले जो देतो तो वकील नव्हे. तो ठेकेदाराचा मुकादम होय, फक्त कोट घातलेला. असा सल्ला मागणाऱ्या अशिलाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, भले महिन्याचे मानधन बुडो. ज्याने लहानपणी बापाला कापूस वेचणीचे वजन खरे लावताना पाहिले, मजुराची मजुरी आठवडी बाजाराच्या आधी देताना पाहिले, त्याला हे ‘नाही’ म्हणणे जड जाणार नाही. खेड्यातल्या मुलाजवळ आणखी एक भांडवल असते. ठेकेदाराच्या पटावरच्या बाईने कामाला दांडी का मारली, हे त्याला विचारल्याशिवाय कळते. वाणेला कोण येते, पोळ्याला माणूस कामावर का दिसत नाही, सोयाबीन सोंगणीत घरी का धाव घ्यावी लागते, हे त्याने अनुभवलेले असते. व्यवस्थापकाला ते समजावून सांगणारा माणूस टेबलाच्या त्या बाजूला असणे कामगारांच्याही भल्याचे आहे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : शोभते, आणि जरूर जावे. पण घरून निघताना तराजू बरोबर न्यावा.

कामावर जाणाऱ्यांनी काय सांभाळावे

कंपनीची बाजू कागदावर भक्कम असते, कारण तिच्या पाठीशी वकील असतो. मग आपल्या मुलाची बाजू कोरी का असावी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या केंद्रीय कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतले रोजच्या उपयोगाचे मुद्दे असे :

१. नेमणूकपत्र मागून घ्या. ते देणे आता मालकावर बंधनकारक आहे.

२. पगाराची पावती दर महिन्याला जपा. मूळ पगार फार कमी आणि भत्ते फार जास्त दाखवले, तर एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वरचे भत्ते वेतनातच धरले जातात. ग्रॅच्युइटीचा हिशेब या वेतनावर होतो.

३. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. फाटकाचा पास, हजेरीचे कार्ड, ठेकेदाराचे नाव यांची नोंद ठेवा.

४. ग्रॅच्युइटी म्हणजे भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. शेवटच्या वेतनाला पंधराने गुणून सव्वीसने भागायचे आणि वर्षांनी गुणायचे. वेतन १५ हजार आणि नोकरी दहा वर्षे असेल तर रक्कम ८६,५३८ रुपये होते. कायम कामगाराला सर्वसाधारणपणे पाच वर्षे पुरी व्हावी लागतात. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतरही ती मिळते.

५. नोकरी सुटली किंवा सोडली तर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

६. काढून टाकले तर दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ‘साहेब पुन्हा बोलावतील’ म्हणून वाट पाहत बसू नका.

७. कोऱ्या कागदावर सही करू नका. आरोपपत्र आले तर ते घ्या, तारीख टाकून पोच द्या आणि लेखी उत्तर द्या. पत्र नाकारल्याने आपलीच बाजू पडते.

आणि शेवटी आपल्या घरातले. येत्या पाडव्याला सालगडी ठरवताना एक साधी वही करा. सालाची रक्कम, धान्य, उचल, रजेचे दिवस लिहा. गड्याला वाचून दाखवा, दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या आणि एक प्रत त्याच्याजवळ द्या. पुढे उचल दिली की दोन्ही वह्यांत तारीख घालून लिहा. यासाठी वकील लागत नाही, खर्चही नाही. आणि घरात कायदा शिकणारे पोर असेल, तर ही वही त्याच्याच हातून लिहून घ्या.